पाचजणांचं तळं आणि सहावा मोबाइल : गट निर्णय कसा घेतो?



आज वर्गात घेण्यासारखा एक खेळ देते आणि त्या खेळामागचं संशोधन सांगते. साहित्य म्हणाल तर शंभर चिंचोके, बास. आपल्याकडे त्याला काही तोटा नाही.

शंभर चिंचोक्यांचं तळं

पाच मुलं गोल बसवा. मध्ये शंभर चिंचोके ठेवा. हे झालं गावाचं तळं आणि चिंचोके म्हणजे त्यातले मासे. दर महिन्याला, म्हणजे दर फेरीला, प्रत्येकाने आपल्याला किती मासे हवेत ते चिठ्ठीवर गुपचूप लिहायचं. चिठ्ठ्या उघडायच्या आणि ज्याचे त्याला चिंचोके मोजून द्यायचे. जे तळ्यात उरले ते महिनाअखेर दुप्पट होतात. मात्र शंभराच्या वर कधीच जात नाहीत, कारण तळ्यात तेवढीच जागा आहे. असे बारा महिने. चिठ्ठ्यांची बेरीज तळ्यातल्या माशांपेक्षा जास्त झाली, तर उरलेले सारखे वाटून घ्यायचे आणि खेळ खलास. सूचना एकच द्यायची : वर्षअखेर तुझ्याकडे जास्तीत जास्त मासे असले पाहिजेत.

मुलं पहिल्या फेरीला हात आखडत नाहीत. पंधरा, वीस, एखादा बहाद्दर सरळ पन्नास लिहितो. बघता बघता तळं कोरडं ठण्ण. मग आरडाओरडा, "बाई, ह्यानंच लई घेतले!" होऊ द्यावा. लगेच समजावायला जाऊ नये. दुसऱ्यांदा खेळताना फेरीच्या आधी दोन मिनिटं आपापसांत बोलायची मुभा द्या आणि फरक बघा.

त्यानंतर फळ्यावर हिशोब. प्रत्येकाने दहा-दहा घेतले तर पन्नास जातात, पन्नास उरतात, दुप्पट होऊन पुन्हा शंभर. तळं कधीच आटत नाही आणि बारा महिन्यांत प्रत्येकाला 120 मासे मिळतात. आता प्रत्येकाने फक्त एक चिंचोका जास्त घेतला असं समजा, म्हणजे अकरा. पहिल्या महिन्यात 55 गेले, 45 उरले, त्यांचे झाले 90. पुन्हा 55 गेले, 35 उरले, झाले 70. पुन्हा 55 गेले, 15 उरले, झाले 30. चौथ्या महिन्यात 55 कुठून आणणार? उरलेले तीस वाटले की सहा-सहा येतात. तीन महिन्यांचे 33 आणि हे 6, एकूण 39. एका चिंचोक्याच्या हावेपायी 120 चे 39 झाले! आणखी एक गंमत फळ्यावर दाखवा. चौघांनी इमानदारीने दहा घेतले आणि एकट्याने वीस घेतले, तर तिसऱ्याच महिन्यात मागणी पुरी पडत नाही. तिसरी-चौथीची मुलं हा हिशोब स्वतः करू शकतात, गुणाकार-वजाबाकीचा सराव आपोआप होतो.

हा खेळ माझा नाही. 2024 मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी तो खेळवला, पण मुलांना किंवा मोठ्या माणसांना घेऊन नाही. पाच 'एजंट' घेऊन.

एजंट म्हटलं की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो. इथे एजंट म्हणजे असा संगणक प्रोग्रॅम, ज्याला एक भूमिका आणि एक उद्दिष्ट दिलेलं असतं आणि पुढचं पाऊल तो स्वतः ठरवतो. मोबाइलवर आपण ज्या चॅटबॉटला प्रश्न विचारतो, तशाच भाषेच्या मॉडेलला सांगायचं : तू मच्छीमार आहेस, गावात तुझ्यासारखे आणखी चौघे आहेत, तळ्यात शंभर टन मासे आहेत, बोल, किती धरतोस? महिना झाला की पाचही एजंट एकमेकांशी बोलत, चर्चा करत. माणूस मध्ये कुठेच नाही.

काय झालं असेल? निबंध लिहिणाऱ्या, गणितं सोडवणाऱ्या यातल्या बहुतेक मॉडेलना हे तळं वर्षभर टिकवता आलं नाही. सगळ्यांत चांगल्या मॉडेलचं तळं टिकण्याचं प्रमाणसुद्धा 54 टक्क्यांच्या खालीच राहिलं. एजंटांचं आपापसातलं बोलणं बंद केलं तेव्हा उपसा आणखी वाढला. कारण शोधताना संशोधकांना दिसलं की आपण आज जे घेतो त्याचा पुढे सगळ्या गटावर काय परिणाम होईल, हे या प्रोग्रॅमना नीट ताडता येत नव्हतं.

मग त्यांनी एक साधा उपाय केला. निर्णय घेण्याआधी एजंटासमोर एक विचार ठेवला : सगळ्यांनी एवढेच मासे धरले तर काय होईल? एवढ्याने तळं टिकण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. आता बघा, हा प्रश्न आपल्या घरातल्या आज्जीने आपल्याला किती वेळा विचारला असेल! "सगळ्यांनीच असं करायचं म्हटल्यावर कसं व्हायचं गं?" आज्जीचा प्रश्न यंत्राला शिकवावा लागला, मला तर या संशोधनातली हीच गोष्ट सगळ्यांत जास्त आवडली.

जमिनीखालचं तळं

धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना हा खेळ माशांचा वाटतच नाही. त्यांना बोअर आठवतो. पाणाड्या बोलवायचा, तीनशे फूट मारायचा, दोन इंची पाणी लागलं म्हणून ऊस लावायचा, दोन वर्षांनी शेजाऱ्याने पाचशे फूट मारला की आपला कोरडा. मग आपण सहाशे. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत मावेल तेवढंच मावतं. म्हणजे हेही शंभर चिंचोक्यांचंच तळं, पण दोन वाईट फरक आहेत. एक, हे तळं दिसत नाही. दुसरं, पाऊस कमी झाला तर उरलेलं दुप्पट होत नाही.

असा खेळ आंध्र प्रदेशात खऱ्या शेतकऱ्यांसोबत झालेला आहे. रूथ मायन्झेन-डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थेच्या मदतीने गावागावांत तो घेतला. पाच-पाच जणांचे गट, बायांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. समोर दोन पिकं : एक कमी पाणी पिणारं आणि कमी पैशाचं, दुसरं जास्त पाणी पिणारं आणि जास्त पैशाचं. प्रत्येकाने मनाशी ठरवायचं आणि मग सगळ्यांच्या निवडीचा मिळून भूजल पातळीवर काय परिणाम झाला ते दाखवायचं. खेळ झाला की गावकऱ्यांची बैठक. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांत खेळ झाला, तिथे पाण्याची नोंदवही ठेवणं आणि भूजल वापराचे नियम करणं हे, खेळ न झालेल्या वस्त्यांपेक्षा ठळकपणे जास्त दिसलं. आणि लक्षात घ्या, दोन्हीकडे त्या संस्थेचा पाण्याचा कार्यक्रम चालूच होता. भाषणं दोन्हीकडे झालेली असणार. फरक खेळाने आणि त्यानंतरच्या बोलण्याने पडला.

महाराष्ट्रात यासाठी हिवरे बाजारचं नाव घ्यावंच लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव आपल्यासारखंच कमी पावसाचं. पोपटराव पवार सरपंच असताना गावाने ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, पाणी किती मुरलं, त्यातून आधी माणसांचं, मग जनावरांचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते सगळ्यांसमोर ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, उसासारखं पाणी पिणारं पीक नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यातही अटल भूजल योजना आली. राज्यातल्या 13 जिल्ह्यांत आपला जिल्हा आहे आणि योजनेतल्या गावांनी पाण्याचा ताळेबंद व जलसुरक्षा आराखडा करायचा होता. आपल्या गावाचा आराखडा ग्रामपंचायतीत असेल तर पाचवीच्या पुढच्या मुलांना तो एकदा जरूर दाखवा. परिसर अभ्यासाचा यापेक्षा जवळचा धडा कुठे मिळायचा!

हिवरे बाजारात आकडा पर्जन्यमापकाने दिला, पण निर्णय त्याने दिला नाही. मोजण्याचं काम उपकरणाचं आणि ठरवण्याचं काम सभेचं. एआय आल्यावर हीच रेघ पुसट व्हायला लागली आहे.

आधी आपण, मग शेजारी, सगळ्यांत शेवटी मोबाइल

1906 मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ गावच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक स्पर्धा होती. एक धष्टपुष्ट बैल, तो कापून साफ केल्यावर वजन किती भरेल ते तिकिटावर लिहायचं. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने नंतर ती तिकिटं मिळवली. वाचता येण्यासारखी 787 होती. सगळे अंदाज चढत्या क्रमाने लावून त्याने बरोबर मधला काढला, तो होता 1207 पौंड. खरं वजन 1198 पौंड. म्हणजे जवळजवळ साडेपाच क्विंटलच्या मालात अवघ्या चार किलोची चूक! त्या तिकिटांत खाटीक आणि शेतकरी होते तसे नुसते हौशी बघेही होते. काहींचा अंदाज वर गेला, काहींचा खाली, आणि चुकांनी चुका खोडल्या.

पण हे कशामुळे झालं? प्रत्येकाने आपलं तिकीट आपलं आपण भरलं म्हणून. 2011 मध्ये झुरिचमध्येच 144 विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. त्यांना आकड्यात उत्तर असलेले प्रश्न विचारले आणि काहींना इतरांची उत्तरं दाखवून पुन्हा अंदाज करायला सांगितलं. इतरांची उत्तरं बघितल्यावर अंदाज एकमेकांच्या जवळ आले, पण खऱ्या उत्तराच्या जवळ आले नाहीत. उलट विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास मात्र वाढला. सगळे एकच म्हणतायत म्हणजे बरोबरच असणार! वर्गात हे रोज घडतं. हुशार मुलगा मोठ्याने "बेचाळीस" म्हणाला की बाकीच्यांच्या पाट्यांवर बेचाळीस उमटतात.

आता त्या हुशार मुलाच्या जागी मोबाइल ठेवा. हुशार मुलगा एका वर्गापुरता असतो, मोबाइल सगळ्या गावाचा एकच असतो. 2024 मध्ये अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी सुमारे तीनशे लोकांना छोट्या गोष्टी लिहायला लावल्या. काहींना एआयकडून कल्पना घेण्याची सोय दिली. एआयची मदत घेतलेली एकेक गोष्ट वाचकांना जास्त चांगली वाटली. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या निघाल्या. एकेकट्याचा फायदा आणि सगळ्यांचा मिळून तोटा, पुन्हा तळ्यातला अकरावा चिंचोका.

गोष्टी सारख्या निघाल्या तर जगबुडी होत नाही हे खरं. पण "यंदा काय लावू?" हा प्रश्न सगळ्या शिवाराने एकाच यंत्राला विचारला आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळालं तर? टोमॅटो, कांदा, कोथिंबीर यांचा भाव कसा पडतो ते आपल्या पालकांना सांगायची गरज नाही. रोग ओळखायला, हवामान बघायला कृषी विभागाचं महाविस्तारसारखं अॅप उपयोगी आहे, ते जरूर वापरावं. पण शेजाऱ्याने काय लावलं, विहिरीला पाणी किती आहे, घरात हातं किती आहेत, याचा मेळ घालणं हे दुसरं काम आहे. ते बांधावर बसूनच करावं लागतं.

काही जण म्हणतील, माणूस आणि यंत्र एकत्र आले की दोघांपेक्षा भारीच होणार ना? 2024 मध्येच मिशेल व्हकारो, अब्दुल्ला अल्मातूक आणि थॉमस मलोन यांनी 106 प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. सरासरीने बघितलं तर माणूस-यंत्राची जोडी ही एकटा माणूस आणि एकटं यंत्र यांतल्या जो चांगला त्याच्यापेक्षा कमीच पडली. विशेषतः निर्णय घेण्याच्या कामात तोटा दिसला. नवीन काही तयार करण्याच्या कामात मात्र फायदा दिसला. म्हणून प्रश्नपत्रिकेचे नमुने किंवा स्नेहसंमेलनाचं निवेदन करायला एआय घ्या, माझी काही हरकत नाही. एखाद्या मुलाला अभ्यासात मागे म्हणायचं की नाही, हे मात्र त्याला विचारू नका.

वर्गासाठी सोपा नियम : काचेच्या बरणीत हरभरे भरा. प्रत्येकाने आधी आपला अंदाज वहीत लिहून वही मिटायची. मग शेजाऱ्याशी बोलायचं. अगदी शेवटी, हवं तर, बरणीचा फोटो काढून मोबाइलला विचारायचं आणि तो आकडा फळ्यावर बाकीच्यांच्या रांगेत एक आकडा म्हणून लिहायचा, सगळ्यांच्या वर नाही.

थोडा वेंधळा सोबती

इथपर्यंत वाचून वाटेल की मी यंत्राच्या विरोधात आहे. तसं नाही. एक प्रयोग तर असा आहे की मी तो वाचून चकित झाले.

येल विद्यापीठातले हिरोकाझू शिरादो आणि निकोलस ख्रिस्ताकिस यांनी 2017 मध्ये तो प्रसिद्ध केला. सुमारे चार हजार लोक, 230 गट. गटात वीस जागा. प्रत्येकजण काही शेजाऱ्यांशी जोडलेला आणि त्याला फक्त त्या शेजाऱ्यांचेच रंग दिसतात. तीन रंगांपैकी एक निवडायचा, पण जोडलेल्या कोणाशीच आपला रंग सारखा नको. पाच मिनिटांत सगळ्या गटाचं जुळलं पाहिजे. वाटतं तेवढं सोपं नाही. प्रत्येकजण आपल्यापुरतं जुळवून घट्ट बसतो आणि कुठेतरी कोपऱ्यात दोघं अडकून राहतात. ते सुटायला तिसऱ्याने आपलं जुळलेलं मोडावं लागतं, आणि तो का मोडेल?

काही गटांत वीसपैकी तीन जागी बॉट बसवले. बॉट म्हणजे अगदी साधे प्रोग्रॅम, फार अक्कल नसलेले. आणि त्यांतल्या काहींना मुद्दाम थोडं वेंधळं केलं, दहापैकी एखाद्या वेळी ते वाटेल तो रंग निवडत. असे थोडेसे चुकणारे बॉट ज्यांचे शेजारी जास्त अशा मधल्या जागी बसवले, तेव्हा गट सुटण्याचा वेळ 55.6 टक्क्यांनी घटला. बॉट त्याहून जास्त बेशिस्त, म्हणजे दहापैकी तीनदा चुकणारे केले, तेव्हा मात्र तो फायदा राहिला नाही. बॉटच्या चुकीने शेजारचा माणूस हलायचा, तो हलला की त्याच्या पलीकडचा हलायचा, आणि दूरच्या कोपऱ्यातली गाठ सुटायची. बॉटने कोणालाच उत्तर सांगितलं नाही. त्याने माणसांना आपल्या जागेवरून हलवलं, एवढंच.

हा खेळ मैदानावर होतो. वीस मुलांना सुतळीने एकमेकांशी जोडा, प्रत्येकाकडे तीन रंगांच्या पट्ट्या, बोलायचं नाही. एक डाव साधा घ्या. दुसऱ्या डावात मधल्या दोन-तीन मुलांच्या कानात सांगा की अधूनमधून उगीच रंग बदला. सुतळीत पाय अडकून एखादा पडतो, तेव्हा सुतळी कंबरेच्या उंचीवर धरायला सांगा.

मधला माणूस

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्री, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. लोहारा-उमरगा भागातल्या लोकांना त्याविषयी मी काय सांगावं. जवळपास आठ हजार माणसं गेली. पुढची काही वर्षं गावोगावी निर्णयांचीच होती. गाव उठवायचं की जागेवर बांधायचं, कोणाचं घर कुठे, भिंत दगडाची ठेवायची की नाही. सरकारी कागद एका भाषेत आणि गावाचं बोलणं दुसऱ्या. तेव्हा घरदुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे केलं. शेकडो गावांत या बायका घरोघर जायच्या, योजना काय आहे ते समजावायच्या आणि लोक काय म्हणतात ते अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या. निर्णय त्यांचा नसायचा. पण त्या नसत्या तर बऱ्याच घरांचं म्हणणं उंबऱ्याच्या बाहेरच आलं नसतं.

हे काम यंत्र करू शकेल का? याचा मोठा प्रयोग 2024 मध्ये 'सायन्स' या पत्रिकेत आला. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या पाच हजारांहून जास्त लोकांसोबत तो केला. जर्मन विचारवंत युर्गन हाबरमास यांच्या नावावरून यंत्राला हाबरमास मशीन म्हटलं. लोकांचे छोटे गट, वादाचा प्रश्न. प्रत्येकाने आपलं मत आधी एकट्याने लिहायचं. यंत्र सगळी मतं वाचून सगळ्यांना पटेल असा मसुदा लिहितं. लोक त्यावर टीका लिहितात, यंत्र दुरुस्त करतं. माणसाने लिहिलेला मसुदा आणि यंत्राने लिहिलेला मसुदा समोर ठेवले तेव्हा 56 टक्के वेळा यंत्राचा पसंत पडला. आणि टीकेनंतरच्या मसुद्यात कमी संख्येच्या बाजूचं म्हणणंही उतरलेलं दिसलं. पण हे यंत्र एखादं मत खरं की खोटं हे तपासत नाही. सगळ्यांनी मिळून चुकीचीच माहिती दिली तर ते त्याचाही छान मसुदा करेल. भिंत भूकंपात टिकेल की नाही हे एकमताने ठरत नाही ना!

आपल्याकडे यंत्र ग्रामसभेत येऊन बसलंसुद्धा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने 'सभासार' नावाचं साधन आणलं. सभेचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण दिलं की ते इतिवृत्त तयार करतं, मराठीतही. ग्रामसेवकाचा वेळ वाचेल, आणि "आम्ही बोललो होतो पण लिहिलंच नाही" ही तक्रार कमी व्हावी. चांगलंच आहे. माझ्या मनात दोन शंका आहेत. पहिली भाषेची. "आमी तवाच म्हनलं हुतं, पानी येईना गेलंय" हे बोलणं यंत्र कसं लिहितं ते इतिवृत्त ताडून बघावं लागेल. दुसरी शंका जास्त गंभीर. यंत्र जे बोललं गेलं ते लिहितं. जी बाई मागे बसून बोललीच नाही, तिचं काय?

ही कल्पनेतली शंका नाही. रम्या पार्थसारथी, विजयेंद्र राव आणि नेत्रा पलानीस्वामी यांनी तामिळनाडूतल्या ग्रामसभांमधलं बोलणं शब्दशः उतरवून संगणकाने तपासलं. 2019 मध्ये तो अभ्यास आला. स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी बोलल्या, चर्चेचा विषय त्यांनी ठरवला असं कमी वेळा झालं आणि अधिकाऱ्यांकडून त्यांना मुद्द्याचं उत्तर मिळण्याची शक्यताही कमी होती. पंचायतीची अध्यक्ष स्त्री असेल तिथे मात्र स्त्रियांच्या बोलण्याला प्रतिसाद जास्त मिळाला. म्हणजे खुर्चीवर कोण बसलंय याने फरक पडतो. आणि बोलण्याच्या पाळीने गटाची अक्कलही वाढते. 2010 मध्ये अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी 699 लोकांच्या छोट्या गटांवर केलेल्या अभ्यासात गटाचं यश त्यातल्या सर्वांत हुशार माणसाशी फारसं जोडलेलं नव्हतं. एकदोघंच बोलत राहिले ते गट मागे पडले.

आता आपल्या शाळा व्यवस्थापन समितीकडे येऊ. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. कागदावर असतात. बैठकीत आम्ही विषय मांडतो, अध्यक्ष दोन वाक्यं बोलतात, बाकीचे "सर म्हणतात तसंच करा" आणि सह्या. यासाठी मी सुचवते ते एवढंच : शौचालय दुरुस्ती आधी की संरक्षक भिंत, असा विषय असेल तेव्हा चर्चेआधी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या. लिहिता न येणाऱ्यांसाठी दोन चित्रं काढून खूण करायला सांगा. चिठ्ठ्या मिसळून नाव न घेता वाचा, मग बोलणं सुरू करा, आणि पहिली पाळी दाराजवळ बसलेल्या आईला द्या. मोबाइलला चिठ्ठ्यांवरून मसुदा करायला सांगायचा असेल तर इथे सांगा, आधी नाही. मसुदा मोठ्याने वाचून झाला की विचारा, "यात कोणाचं राहिलं?" आणि दोन मिनिटं गप्प बसा. आम्हा शिक्षकांना गप्प बसायला अवघड जातं, पण हाताशी घड्याळ ठेवलं की जमतं.